शंभर रुपयांची ट्यूब आणि मुरलेला हात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सेफ्टी रेझर आणि ब्रशनं तुम्ही कित्येक वर्षं दाढी करताय, तीन हात मारता, म्हणजे पातं तोंडावरून तीनदा फिरवता, आजवर विलायती डबीतलं क्रीम वापरलंत. आता ती डबी दोन हजारांच्या घरात गेली. तेव्हा पेठेत शंभराच्या आतबाहेर मिळणारी ट्यूब घेतली तर जमेल का, की इतक्या वर्षांनी खालच्या पायरीवर उतरल्यासारखं होईल? गळ्याची आग होते, ती वाढेल का? आणि सासुरवाडीला दहिवडीला गेलात की तिथे फेसच बसत नाही, तिथे स्वस्त क्रीमचं काय होणार?

जमेल. साताऱ्यात सलून चालवतो, रोज गिऱ्हाइकांच्या गालांवर हेच क्रीम फेसतो, म्हणून खात्रीनं सांगतो. माझं मत तर तुमच्या भीतीच्या अगदी विरुद्ध आहे. महागड्या क्रीमची गरज नवशिक्याला जास्त असते, मुरलेल्या हाताला कमी. चांगलं महाग क्रीम चुका पोटात घालतं. पाणी थोडं कमी पडलं, थोडं जास्त झालं, ब्रश नीट फिरला नाही, तरी त्याचा फेस बऱ्यापैकी बनतो. स्वस्त क्रीमला पाण्याचं माप नेमकं लागतं. ते साधलं की दोन्ही फेसांत पात्याखाली जाणवेल असा फरक फार थोडा उरतो. आणि ते माप साधायला इतक्या वर्षांचा सराव तुमच्याकडे आहेच.

आधी क्रीममध्ये असतं काय ते बघू. ब्रशनं फेसायचं कुठलंही क्रीम म्हणजे मुळात मऊ साबण. स्टिअरिक ॲसिड हे मेणासारखं घट्ट आम्ल आणि खोबरेल तेलातून आलेली आम्लं घेतात, त्यांचा पोटॅशियम हायड्रॉक्साइडशी संयोग घडवतात, जोडीला बहुधा थोडा कॉस्टिक सोडा. आंघोळीच्या वडीत सोड्याचा साबण, म्हणून ती घट्ट. पोटॅशमुळे हा साबण मऊ राहतो आणि पाण्यात चटकन मिसळतो. स्टिअरिकचा फेस उशिरा येतो, पण दाट असतो आणि टिकतो. खोबऱ्याच्या आम्लांचा फेस झटकन उठतो, त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि तो लवकर बसतो. दोहोंचा मेळ जमवणं हीच क्रीम बनवणाऱ्याची कला. थोडं स्टिअरिक ॲसिड मुद्दाम मोकळं ठेवतात. क्रीमवर जी मोतिया झाक दिसते ती त्याचीच. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे फेस गालावर वाळत नाही.

यातला एकही घटक दुर्मीळ किंवा महाग नाही. तुमच्या डबीवरची यादी आणि एखाद्या साध्या ट्यूबवरची यादी शेजारी ठेवून वाचा, वरची पाच-सहा नावं बहुतेक तीच सापडतील. किमतीतला फरक जातो सुगंधात, डबीत, जहाजाच्या भाड्यात, करात आणि नावात. सुगंधाला मी कमी लेखत नाही. सकाळी उठून चंदनाचा किंवा लव्हेंडरचा चांगला वास नाकात भरून दाढी करण्याचं सुख खरं आहे, आणि ज्याला परवडतं त्यानं ते जरूर घ्यावं. पण तो वास पातं सरकवत नाही.

याचा पुरावा आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं आपली, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यात सुरू झालं, आणि निवृत्त सुभेदार-हवालदार नाहीत असं गाव इथे शोधावं लागेल. फौजेत दाढी रोजची. थंडी असो, बर्फ असो, पाणी गार असो. यातल्या कितीतरी जणांनी उभ्या नोकरीत कँटीनच्या साध्या ट्यूबपलीकडे काही वापरलं नाही, आणि आजही त्यांचे गाल बघावेत असे असतात. मी त्यांना विचारत आलोय. उत्तर दरवेळी साधंच येतं: तोंड आधी चांगलं भिजवायचं, फेस निवांत करायचा, पात्यावर जोर द्यायचा नाही.

त्यातलं भिजवणं सर्वांत मोलाचं, आणि घाईत तेच सुटतं. दाढीचा कोरडा केस फार चिवट असतो. पाणी प्यायला की तो मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटं पाणी केसाला लागून राहायला हवं. कोमट असेल तर काम लवकर होतं. म्हणून आंघोळीनंतर दाढी करा, किंवा ओला टॉवेल धरा, आणि ते ओलं तोंड पुसू नका. केसावरचं तेल आणि मळ आधी धुतला तर पाणी आत शिरतं. हे काम कुठलंच क्रीम तुमच्यासाठी करणार नाही, महाग असलं तरी.

आता फेस. बदामाएवढं, म्हणजे साधारण एक ग्रॅम क्रीम वाटीत घ्या. ब्रश भिजवून नीट झटका, नुसता ओलसर राहू दे. अर्धा मिनिट घोळवलंत की घट्ट, कोरडा, पांढराशुभ्र फेस होईल. दिसायला तो फार देखणा असतो आणि बहुतेक लोक इथेच थांबून तो गालावर लावतात. पुढे पातं अडखळतं आणि दोष क्रीमला मिळतो. हा फेस अजून अर्धाच झालेला असतो. इथून पुढे पाणी चार-पाच थेंबांनी वाढवायचं, दरवेळी पुन्हा घोळवायचं. भाकरीचं पीठ मळताना बाई जशी हाताच्या अंदाजानं पाणी घालत जाते, तसंच. फेसावरची कोरडी छटा जाऊन चमक आली, ब्रश उचलल्यावर टोक उभं न राहता हलकेच वाकलं, की झालं. थोडा फेस अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळा: बोटं एकमेकांवरून निसटली पाहिजेत. बोटं एकमेकांना घासली जात असतील तर अजून पाणी हवंय. बुडबुडे डोळ्यांना दिसू लागले तर पाणी जास्त झालं. चिमूटभर क्रीम अजून घालून घोळवा.

स्वस्त क्रीमचं खरं वैशिष्ट्य इथे कळतं. कोरडा फेस आणि फुटका फेस यांच्यामधली जागा महाग क्रीममध्ये ऐसपैस असते, स्वस्तात अरुंद. एकच ट्यूब सलग वापरत राहिलात की ती जागा हाताला सापडते. रोज वेगळं क्रीम घेणाऱ्याला ती कधीच सापडत नाही, आणि असे हौशी लोकच मग स्वस्त क्रीमवर फुली मारतात.

आणखी एक. तुम्ही तीन हात मारता, तेव्हा क्रीमची पारख पहिल्या हातावर करू नका. पहिला हात केसाच्या दिशेनं असतो, तिथे अंगाचा साबणही निभावून नेतो. दुसऱ्या आडव्या हाताला आणि तिसऱ्या उलट्या हाताला खुंट बारीक झालेले असतात, पातं थेट कातडीवरून जातं, आणि तिथेच कळतं की फेसाखाली निसरडेपणा किती आहे. पहिला हात झाल्यावर गाल पाण्यानं धुवा आणि ओलं बोट फिरवा. बोट अजून सरकतंय, म्हणजे कातडीवर साबणाचा पातळ थर शिल्लक आहे. ते क्रीम चांगलं, किंमत काहीही असो. बोट चिकटलं तर फक्त फेसाचा फुगारा होता. दुकानात मी नवीन ट्यूब घेतली की हेच बघतो. उरलेला फेस वाटीत पाच मिनिटं ठेवूनही बघतो. तळाशी पाणी सुटलं नाही आणि वर मोठे बुडबुडे आले नाहीत, तर ती ट्यूब कामाची.

सगळ्याच स्वस्त ट्यूब चांगल्या नसतात, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. घेण्याआधी मागची यादी वाचा. आपल्याकडे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, त्यामुळे यादी बरंच सांगून जाते. स्टिअरिक ॲसिड, पाणी, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खोबरेलाचा कुठला तरी अंश आणि ग्लिसरीन वरच्या पाच-सहात असतील तर बैठक पक्की आहे. ग्लिसरीन जितकं वर, तितकं आपल्या थंडीत बरं. सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या तीन-चार नावांत दिसलं तर मी ती ट्यूब परत ठेवतो. त्याचा फेस खूप येतो, पण कातडीचं तेल ओढून नेतो आणि गाल ताणल्यासारखे होतात.

यादीत ईडीटीए दिसलं तर ते दहिवडीच्या पाण्यासाठी चांगलं, कारण ते पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. साताऱ्यातल्या बऱ्याच भागाला कास तलावाचं पाणी येतं. पावसाचं पाणी, जांभ्याच्या पठारावर साठलेलं, त्यामुळे क्षार कमी. या पाण्यात कसलंही क्रीम फेसतं. माण-खटावकडे, म्हणजे तुमच्या दहिवडीच्या बाजूला, बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, आणि न विरघळणारी पांढरी चिकट साय तयार होते. जो साबण फेस करायचा, तो असा वाया जातो. बादलीला पांढरा थर बसत असेल आणि डाळ शिजायला वेळ लागत असेल, तर तिथे फेसही रुसणारच, मग क्रीम लंडनहून आलेलं असलं तरी. तिथे महाग क्रीमचा फायदा होतो असं वाटतं, कारण डबीतून आपण सढळ हातानं घेतो आणि ट्यूबमधून बेतानं.

यावर उपाय सोपा आहे. फेस करायला फुलपात्रभर पाणी पुरतं. तेवढं घरच्या आरओचं घ्या, किंवा पावसाचं साठवलेलं. ते नसेल तर आदल्या रात्री पाणी खळखळून उकळा, झाकून ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी ओतून घ्या. भांड्याच्या तळाला जो पांढरा थर राहतो तो फेसाचा वैरी. उकळल्यानं सगळे क्षार जात नाहीत, पण फरक कळण्याइतके जातात. क्रीम नेहमीपेक्षा दीडपट घ्या. शेवटी ब्रशही त्याच मऊ पाण्यात खळबळा, नाहीतर केसांच्या बुडाशी साय साचून तो कडक होतो.

गळ्याच्या आगीचं मात्र नीट तपासावं लागेल. एक खूण सांगतो. गालाच्या वरच्या भागावर, कानाजवळ, जिथे फेस लागतो पण पातं जात नाही, तिथे लाली किंवा खाज येते का? येत असेल तर दोष क्रीमचा, बहुधा त्यातल्या सुगंधाचा. अशा माणसाला महाग क्रीमनंही त्रास होतो, कधीकधी जास्तच, कारण त्यात सुगंधी तेलं सढळ असतात. त्यानं बिनवासाचं किंवा नाजूक त्वचेसाठीचं साधं क्रीम बघावं, आणि लाली जात नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. पण लाली फक्त पात्याच्या वाटेवर असेल, तर क्रीम बदलून काही होणार नाही.

तुमचं वर्णन वाचून मला दुसरं वाटतं. गळ्यावरचा केस सगळीकडे एका दिशेनं येत नाही. घाटीच्या दोन्ही बाजूंना तो आडवा वळतो, काहींचा खालून वर येतो. एक दिवसाची दाढी वाढू द्या आणि बोटांनी दिशा चाचपा. ती एकदा कळली की पहिला हात खरोखर केसाच्या दिशेनं मारता येतो. गळ्यावर तिसरा उलटा हात महिनाभर बंद ठेवा. केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला की तो आत वळतो आणि पुटकुळ्या येतात. कुरळ्या दाढीवाल्यांना हे फार. पातंही बघा. चार-पाच दाढ्यांनंतर ते बदलायला कंजुषी नको. क्रीमवर वाचवलेले पैसे पात्यांवर लावा, त्याचं चीज होतं.

पैशांचा हिशेबही मांडतो. समजा ७० ग्रॅमची ट्यूब १०० रुपयांना मिळाली, तर ग्रॅमभर क्रीमच्या एका दाढीला दीड रुपयाच्या आत खर्च. १५० ग्रॅमची डबी १,८०० रुपयांची धरली तर दाढीला १२ रुपये. रोज दाढी करणाऱ्याचा वर्षाचा फरक ३,८०० रुपयांच्या वर जातो. यातून एक उत्तम ब्रश घ्या. स्वस्त क्रीमला स्वस्त ब्रश चालत नाही, यावर माझा जोर आहे. टपरीवरच्या राठ नायलॉनच्या ब्रशात पाणीही टिकत नाही आणि फेसही आत अडकून राहतो. हल्ली मऊ टोकांचे कृत्रिम केसांचे ब्रश आलेत, ते झटकन फेस करतात, लवकर वाळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. डुकराच्या केसांचा ब्रशही चांगला, पण तो आधी भिजवावा लागतो आणि मुरायला वेळ घेतो.

इथे माळकरी मंडळींसाठी एक गोष्ट. कृत्रिम ब्रश त्यांच्यासाठी सोयीचा आहेच, पण परदेशी दाढीच्या साबणांवर सोडियम टॅलोएट किंवा पोटॅशियम टॅलोएट असं नाव दिसलं तर तो जनावराच्या चरबीचा साबण आहे हे ध्यानात ठेवावं. साबण म्हणून तो उत्तम असतो, चरबीत स्टिअरिक भरपूर. पण आपल्या दुकानात बसलेल्या गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला न सांगता तो लावणं मला पटत नाही. पेठेतल्या ट्यूबवर हिरवा ठिपका असला की तो प्रश्न मिटतो.

कोणती ट्यूब घ्यायची? गोदरेज, पामोलिव्ह, ओल्ड स्पाइस, व्ही-जॉन ही नावं कुठल्याही गावात मिळतात, सलूनमध्येही हीच जास्त दिसतात. एकाच कंपनीच्या दोन प्रकारांतही घटक वेगळे असतात, म्हणून नावापेक्षा मागची यादी वाचून ठरवा. उन्हाळ्यात मेन्थॉलचं क्रीम छान वाटतं, पण पारख करताना ते नको. मेन्थॉल कातडी गार करत नाही, नसांना गारव्याचा भास देतं, आणि त्यात आग झाकली जाते. दाबून फवारायचा डब्यातला फेस या चर्चेत मी धरतच नाही. तो तयार बुडबुड्यांचा असतो, त्यात पाणी आपल्या मापानं घालता येत नाही, आणि तुमच्या हातातलं कौशल्य तिथे वायाच जातं.

एका बाबतीत तुमची डबी पुढे राहील, ती म्हणजे दाढीनंतरचा गाल. मार्गशीर्ष-पौषात, वाई-महाबळेश्वरकडे कोरडी थंडी पडते तेव्हा चांगल्या महाग क्रीमनंतर कातडी मऊ राहते, स्वस्तानंतर थोडी ओढल्यासारखी वाटते. ते भरून काढायला ग्लिसरीनचे दोन थेंब ओल्या हातावर घेऊन गालाला लावले तरी पुरतं. फेसाआधी खोबरेल तेल चोळायची सवय असेल तर अगदी बोटभरच घ्या. तेल जास्त झालं की फेस मरतो.

डबी संपायच्या आत एक करून बघा. भिजवणं, ब्रश, पातं सगळं तेच ठेवून एका गालावर डबीचा फेस घ्या, दुसऱ्यावर ट्यूबचा, दोन वेगळ्या वाट्यांत. तिन्ही हात झाल्यावर गार पाण्यानं धुवून दोन्हीकडे तुरटी फिरवा. पात्यानं जिथे कातडी खरवडली असेल तिथे तुरटी झोंबते. पहिले काही दिवस डबीचा गाल कमी झोंबेल, कारण ट्यूबच्या पाण्याचं माप अजून हाताला बसलेलं नसेल, म्हणून निकाल लगेच लावू नका. आठवड्यानं गाल बदला. उजव्या हाताच्या माणसाचे दोन्ही गाल सारखे तुळतुळीत होत नाहीत. डाव्या गालावर मनगट वेगळं वळतं आणि जोर नकळत वाढतो. गाल बदलल्यावरही ट्यूबच्याच बाजूला झोंबत राहिलं, तर ती ट्यूब सोडून दुसरी घ्या. डाव्याच गालाला झोंबत राहिलं, तर मनगटाकडे बघा.